मिळवलेला तास

...आणि वर मलाच विचारतो, "बाऊक्ये, तुला कोणी सांगितलं होतं मिळवायला?" मला! अहो, तीस वर्षं या गोस्सेशी संसार करतेय, हा माणूस कपाळावरचा चष्मा घरभर शोधतो, याने तास मिळवला असेल असं मला काय स्वप्न पडायचं होतं?

थांबा, पहिल्यापासून सांगते. आमच्या आईला पंच्याऐंशी पूर्ण झाली. ती असते हार्लिंगनला, जुन्या धक्क्यालगतच्या गल्लीत, आणि आम्ही समोर टेर्शेलिंग बेटावर. आईच्या भिंतीवर आजीचं लंबकाचं घड्याळ आहे, वर जलपऱ्या कोरलेल्या... लहानपणापासून माझा जीव त्याच्यावर, आणि माझ्या बहिणीचा, फ्राउक्येचाही. यंदा आईने जाहीर केलं, "वाढदिवसाच्या दोनच्या कॉफीला जी वेळेवर येईल, तिला घड्याळ." हा टोला मलाच बरं का! मी जन्मालासुद्धा दहा दिवस उशिरा आले, आई अजून ऐकवते.

मग शहाण्या माणसाने काय करावं? गुमान फेरीबोटीत बसावं. फ्राउक्ये बसली! पण आमच्या गोस्सेने शिडाची होडी घेतलेली ना, नवी कोरी... म्हणजे आम्हाला नवी, वयाने माझी थोरली बहीण! "फेरीबोट पाहुण्यांसाठी गं. आपण वाळूच्या पट्ट्यावरून आडवाटेने जाऊ. भरतीला वर पाणी असतंच. एकच्या आत हार्लिंगन!"

आता आमचा समुद्र कसला, दिवसातून दोनदा घर सोडून जातो, मागे नुसती वाळू आणि चिखल. म्हणून भरतीचं कोष्टक बघायचं. आणि आमचं कोष्टक कुठल्या वेळेत? हिवाळी! उन्हाळ्यात आमच्याकडे सगळी घड्याळं तासभर पुढे करतात, कोष्टक तसंच राहतं, म्हणून कोष्टकात आकडा दिसला की एक तास मिळवायचा. शेंबडं पोर सांगेल, एक तास मिळवायचा! कोष्टकात नऊ. हा विसरणार म्हणून मीच मिळवला, चिठ्ठीवर ठसठशीत 'दहा' लिहिलं, सुकाणूपाशी चिकटवलं. याने सकाळी चिठ्ठी वाचली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा याला आठवलं... एक तास मिळवायचा!

अकराला पट्ट्यावर. पाणी तासापूर्वीच परतीला निघालेलं. खर्रर्र!

"जरासं घासलं," गोस्से म्हणाला. मग, "जरासे थांबलोय." मग होडी कलली, किटली घरंगळली, समुद्र गायब!

"सुटणार कधी?"

"नऊला."

"हिवाळी की उन्हाळी?"

आणि एकदम पँट काढून, ब्रश घेऊन हा होडीखाली! कारण आमच्याकडे कोणी खलाशी रुतत नाही हो, मुद्दाम थांबतो, तळ घासायला. तेवढ्यात हाकेच्या अंतरावरून फेरीबोट, आणि तिचा कर्णा बोंबलतोय, "प्रवाशांनो, डावीकडे वाळूवर सील पहा!" सगळी बोट डावीकडे. तीन सील, आणि शेजारी ठिपक्यांच्या चड्डीत आमचा गोस्से, ब्रशने सलाम ठोकतोय! कठड्याला कोण? फ्राउक्ये! केकचा डबा उंच धरून, "अगं बाऊक्ये, घड्याळ गुंडाळायला शाल आणलीय मी!"

रडले हो मी. खरंच रडले. एक सील माझ्याकडे बघत होता, अगदी आईसारखा.

नऊला सुटलो तर वारा पडला. पोचलो दुसऱ्या दिवशी दहाला. दर वर्षी तासभर उशीर, यंदा वीस तास! दारातून बघितलं... भिंत रिकामी.

आई म्हणाली, "फ्राउक्ये दोनच्या ठोक्याला आली. मग मनात आलं, जी अशीच वेळेवर येते तिला घड्याळ कशाला? घे, टेबलावर आहे." शालीत गुंडाळलेलं! फ्राउक्ये शालसुद्धा रागाने टाकून गेलेली. मी आईच्या गळ्यातच पडले. "पण काट्यांना हात लावू नका हं," आई म्हणाली, "मोडतील. ते बारा महिने हिवाळी वेळच दाखवतं. बघताना फक्त..."

गोस्सेने माझ्याकडे बघितलं, मी गोस्सेकडे.

आता मी स्वयंपाकघरातून ओरडते, "किती वाजले रे?" तो मिळवून सांगतो, मी ऐकून मिळवते. तुम्ही आज चारला बोलावलंत, मी तीनलाच हजर! आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी, आणि बघायला कोण? तुम्ही येईपर्यंत तासभर या रिकाम्या खुर्च्यांनाच हे सगळं सांगत होते. सीलच्या गोष्टीलाही हसल्या नाहीत मेल्या.