हात मांडीवर, तोंड बंद!

...आणि सुरी हो, सुरी! खेळातली नव्हे, प्लास्टिकची नव्हे, खरीखुरी पात्याची, आणि ती कोणाच्या हातात, तर आमच्या भिंगरीच्या, जिला अजून बुटांतला डावा-उजवा कळत नाही! माझी सख्खी नात माझ्यादेखत काकडी चिरते आहे, इवलीशी बोटं पात्याला अगदी खेटून, आणि मी काय करायचं? तर हात मांडीवर, तोंड बंद!

तुम्हाला सांगते, ही शाळा म्हणजे एक पत्र्याची शेड, एक अंगण आणि बाकी सगळी झाडी. निसर्गातली मॉन्टेसरी म्हणतात तिला. तिथला शिरस्ता असा, की घरच्या एका मोठ्या माणसाने एक दिवस येऊन बसायचं आणि नुसतं बघायचं. उठायचं नाही, बोलायचं नाही, आणि मुलाने मदत मागितली तरी आधी म्हणायचं, ‘तू करून बघ’! तिथल्या शिक्षिकेला ताई म्हणायचं, बाई म्हटलेलं त्यांना खपत नाही. तर त्या ताईंनी मला मुलांचंच एक बुटकं स्टूल दिलं आणि साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाल्या, “बसा आजी. हात मांडीवर, तोंड बंद. आणि विश्वास ठेवा हं!” विश्वास? कशावर ठेवू? त्या सुरीवर, की ज्यावर माझी पाव बैठकसुद्धा मावत नव्हती त्या स्टुलावर?

बरं, उठून चालू लागावं, तर सूनबाईने घरीच दम भरलेला. “आई, एकदा जरी मध्ये धावलात ना, तर उद्यापासून भिंगरीला आणायला पाळणाघरातल्या मावशी जातील. मग माझ्यावर रुसायचं नाही.” आता तुम्हीच सांगा, दुपारी त्या पोरीचं बोट धरून, तिचे ते न संपणारे प्रश्न ऐकत घरी यायचं, याखेरीज माझ्या दिवसात आहे काय? म्हणून बसले. जीव मुठीत, मूठ मांडीवर, तोंड बंद!

काकडी संपते न संपते, तो काचेचे पेले! अहो, काच कशाला? मी अक्षर बोलले नाही, नुसत्या भुवया उंचावल्या, तर ताई म्हणतात, “फुटते ना आजी, म्हणूनच! फुटते हे कळल्याशिवाय जपायचं कसं कळेल?” कळलं लगेच! खळ्ळकन एक पेला खाली! आणि तिथे एक बोबडा गृहस्थ, उंची माझ्या छत्रीएवढी, कमरेवर हात ठेवून म्हणतो, “कोनी हलायचं नाही! मी ताईंना बोलावतो!” हलायचं नाही? मी सकाळपासून दुसरं काय करत होते?

मग चिखल. कोपरापर्यंत, केसांत, एकीच्या तर कानात! त्यातून भिंगरी आली आणि माझ्या इस्त्रीच्या पातळावर, माझ्या तळहातात तिने एक लांबलचक गांडूळ ठेवलं. “आजी, हे घाबरलंय गं. जरा धर.” घाबरलं होतं कोण? गांडूळ? ते मजेत वळवळत होतं हो! हात मांडीवर, गांडूळ हातावर, तोंड बंद!

आणि मग... ते झाड.

तिथला नियम, की मुलाला कोणी उचलून वर ठेवायचं नाही; जे आपलं आपण चढतं, ते आपलं आपण उतरतं. भिंगरी चढली. आणखी चढली. मग एक पाय हवेत चाचपडू लागला, आणि वरून इतकासा आवाज आला, “ताई, माझा पाय सापडत नाही.”

तुम्हाला सांगते, हसू नका, त्या क्षणी मी ठरवूनच टाकलं. खड्ड्यात गेला तुमचा नियम, खड्ड्यात गेलं ते रोजचं आणणं, मावशींना आणू दे, पण पोर धडधाकट राहू दे, म्हणून मी उठले... उठले कसली! गुडघे त्या स्टुलावर असे काही धरले होते, की मी जागची तसूभर हलेन तर शपथ! ओरडायला तोंड उघडलं, तर घशाला कोरड, आवाज नाही! आणि ताई? ताई झाडाखाली हात पसरून उभ्या, आणि शांतपणे विचारतात, “पायाला विचार, खाली काय लागतंय?”

“फांदी,” वरून आवाज.

“मग?”

मग काय, उतरली! टुणकन उडी मारून चिमण्यांमागे पळालीसुद्धा! आणि ताई माझ्याकडे आल्या, डोळे भरलेले. “आजी, आजवर या झाडापुढे एकही आजी बसून राहिली नव्हती हो! केवढा तुमचा संयम! तुम्ही दर आठवड्याला याच!”

संयम! मी काय सांगणार? तोंड बंद!

शाळा सुटली. सगळे गेले. भिंगरी दप्तर घेऊन आली, “चल ना आजी.” म्हटलं, “राणी, जरा हात दे गं, उठवत नाही.” तर कार्टीने काय करावं? दुसरं स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसली, आणि म्हणाली, “आधी तू करून बघ. गुडघ्याला विचार, खाली काय लागतंय?”

चिखल लागत होता, दुसरं काय! शेवटी त्याच चिखलात, पातळासकट, चार पायांवर रांगत मी उभी राहिले, आणि ती बया तोवर नुसती बघत होती... हात मांडीवर, तोंड बंद!

घरी पोचलो तेव्हा सूनबाई दारातच. “आई, आज तुम्हीच आणलंत ना हिला?”

म्हटलं, “हो तर.” आता वाटभर कोणी कोणाचं बोट धरलं होतं, ते तेवढं विचारू नका.