सक्करदरा ते महाल, पावलं चार हजार सहाशे

तेच तर सांगून राहिलो, नत्थूजी! घमेल्यात नीट बुडवा ती ट्यूब, थोडी थोडी सरकवा, कुठं तरी बुडबुडा दिसेल. दिसायलाच पाहिजे. पंक्चर आहे म्हणजे आहे, मी घरी तसं सांगून आलो. घाई नाही हो – सभा साडेपाचला आहे, टाऊन हॉलात, आणि मी नाही पोचलो तरी कोणाचं अडतं? तो मधुकरराव आहेच तिथं गळ्यात हार घालून घ्यायला. कोण मधुकरराव? दुसऱ्या पेपरचा बातमीदार, पाच वर्षं नाही झाली त्याला या धंद्यात, मला तेवीस झाली. शहराचं राजधानीपण गेलं, आता रस्ते तरी धड करा म्हणून म्युन्शिपाल्टीनं योजना मंजूर केली – सक्करदऱ्याच्या तलावापासून महालातल्या बाजारापर्यंत सायकलींना मुरमाची वेगळी पट्टी, आणि बाजूच्या नालीवर फरशा टाकून पायी चालणाऱ्यांसाठी वाट. आणि नाव कोणाचं? त्याचं!

सायकलींची पट्टी कोणाची कल्पना, सांगा बरं! माझी. बावन्न साली अकरा दिवस, सकाळी सहा ते नऊ, त्या तिथल्या पुलाच्या कठड्यावर बसलो मी. डाव्या खिशात चिंचोके – दहा सायकली गेल्या की एक चिंचोका उजव्या खिशात. थंडीत बोटं आखडायची, पण आकडा चुकू दिला नाही. गिरणीचे लोक, कचेरीतले बाबू, दूधवाले – एका सकाळी एकोणीसशे सायकली! लेख लिहिले, साहेबांना भेटलो, कोणी ढुंकून पाहिलं नाही. मोजणीत बायकांचा त्रास किती, तुम्हाला काय सांगू – टोपल्या घेऊन नेमक्या माझ्या नजरेसमोरून जायच्या. ती मैनाबाई नाही का, विणकरांच्या घरची, सुताची टोपली डोक्यावर घेऊन महालात जाते – ती एक दिवस थांबली माझ्यापुढं. म्हणे, "बाबू, आमाले काहून नाही मोजत गा? आमचे पाय का उसने आणले?" आणि बाकीच्या हसल्या सगळ्या खदाखदा. मी म्हटलं, बाई, बाजूला हो, तुझ्यापायी चार सायकली सुटल्या माझ्या.

निघाला बुडबुडा? नाही? वॉल्व्हजवळ पाहा.

तर हा मधुकरराव. यानं काय केलं – सायकल ठेवली घरी आणि चपला घासत फिरला पंधरा दिवस त्या बायकांच्या मागं मागं. ही काय बातमीदारी झाली? आणि मग लेख आला, पायी चालणाऱ्यांबद्दल. मी सकाळी चहा घेऊन वाचायला बसलो, हसायच्या तयारीनं बसलो, खोटं कशाला बोलू – आणि दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलेलं, "सक्करदरा ते महाल हे अंतर एका भगिनीच्या हिशेबानं चार हजार सहाशे पावलं आहे." चार हजार सहाशे! नत्थूजी, हा आकडा मला पाठ आहे. माझ्या घरी रोज संध्याकाळी बोलला जातो हा आकडा. माझी बायको, कुसुमावती, महालात मुलींच्या शाळेत शिकवते, तुम्ही पाहता ना येता-जाता, निळी छत्री. पाढे शिकवून शिकवून चालतानाही मोजायची सवय लागली आहे तिला. ताट वाढता वाढता सांगते, आज चाळीस जास्त झाली, पुलापाशी वळसा पडला. नऊ वर्षं सांगून राहिली. मी काय म्हणायचो? मी म्हणायचो, "हं." पेपर वाचत असतो हो माणूस त्या वेळी!

आणि यानं विचारलं, "ताई, वळसा नेमका कुठं पडतो?" एवढंच विचारलं. एवढ्यावर सगळा रस्ता सांगितला तिनं त्याला. घरी आला होता, मी बाहेर बातमीवर होतो. परत येऊन पाहतो तर मोरीत पोह्याच्या दोन बशा. कढीपत्त्याची काडी चिकटलेली एकीला. मला पोहे केव्हा केले होते शेवटचे, आठवत नाही. बशा मोजल्या फक्त.

नकाशा टांगला आहे तिथं सभेच्या खोलीत, काल पाहून आलो. सात लाल खुणा – जिथं बायकांना नालीत उतरावं लागतं त्या जागा. तिसऱ्या खुणेवर बोट ठेवून जागा दोनदा ताडून पाहिली. त्या जागी पडली होती कुसुमावती, मागच्या श्रावणात. पाय सुजून हा एवढा झाला होता. मी तेव्हा काय म्हटलं होतं – जाऊ द्या. म्हटलं होतं, "पाहून चालावं माणसानं."

हा कागद पाहा, चार पानं. सभेत उभा राहून वाचणार आहे, की योजना माझी, चोरली माझ्यापासून. पण वाचायचं कसं? पट्टी माझी म्हणीन तर विचारतील, वाट कोणाची? आणि पहिल्या रांगेत बसलेली असेल ती. कार्ड आलं तिच्या नावानं, सोनेरी काठाचं – श्रीमती कुसुमावतीबाई. मला पास आला, पास! दुपारी मला म्हणे, "अहो, आज डबलसीट न्याल का? पोलीस नाही दिसला तर." लग्नानंतर पहिल्या वर्षी नेत होतो तसं. केस विंचरलेले, ती मोरपंखी साडी – मधुकररावानं बोलावलं म्हणून मोरपंखी! मी म्हटलं, पंक्चर आहे. ती म्हणे, सकाळी तर नव्हतं. मी म्हटलं, आता आहे. आणि अंगणात गेलो, आणि –

काहून असे पाहून राहिले माझ्याकडे? बुडवा ना ट्यूब! पुन्हा बुडवा. वॉल्व्ह आपोआपही सैल होतो कधी कधी, होत नाही का?

थांबा. ती निळी छत्री – तीच आहे. निघाली पायी. ओठ हलताहेत, पाहा, मोजून राहिली. तुम्ही तुमचं काम करा, मान वर करू नका. जाईल सरळ. जाईल... काहून थांबली ही? घमेल्यात काय पाहते आहे?

अगं, पंक्चर – मोठं आहे, या नत्थूजींना विचार. सांगा ना जी. नत्थूजी, सांगा ना तिला.