तळाचे बटाटे

(छापखान्याचं जेवणघर. घंटेला वीस मिनिटं. स्वयंपाकीण मावशी, चाकाच्या खुर्चीत बसून मुद्रितं तपासणारी ताई, आणि वाढायचा ओटा कापून बुटका करणारा सुतार.)

सुतार : तीस इंच.

मावशी : मीठ राहिलंच.

ताई : गुडघे.

सुतार : काय?

ताई : गुडघे कुठे घालू? ओटा खाली आणलात, पण खालचं कपाट तसंच. खुर्ची पुढे सरकत नाही. पातेलं अजून हातभर लांब.

सुतार : स्टुलावर बसून माप घेतलं होतं हो.

ताई : पाय बाजूला घेऊन?

सुतार : ...हो. कपाट काढावं लागणार.

मावशी : हात लावायचा नाही. ताटं काय डोक्यावर ठेवू? आणि कशापायी? अकरा वर्षं हिचं ताट जागेवर जातंय. सगळ्यांच्या आधी.

ताई : आधी म्हणजे वरवरचा पातळ रस्सा. बटाटे तळाशी. या पातेल्याचा तळ मी अजून पाहिलेला नाही.

मावशी : मायेनं पाठवते गं.

ताई : माया राहू द्या की. पण बघून हवं ते मागायचं, नको ते नाकारायचं, हे इथे सगळे करतात. तो माझाही हक्क आहे. लाड नकोत.

मावशी : म्हणजे रांगेत उभी राहणार?

ताई : बसणार. खुर्ची घरूनच आणलीय.

सुतार : आता बोला, मावशी.

मावशी : तू कपाट काढ. खिडकीखाली ठेव, आणि एक जरी ताट वाकलं तर बघ. काय गं, पहिल्याच दिवशी तूच म्हणालीस ना, मिरची नको? तेव्हापासून तुझं वेगळं, फिकं काढते मी.

ताई : मी म्हणाले? मला वाटलं, तुम्ही मला आजारी समजता.

मावशी : आजारी? ही जीभ?

सुतार : निघालं. या पुढे, ताई.

ताई : गेले गुडघे आत. अजून थोडं... पोचले. मावशी, मागच्या पातेलीत करपलेलं काय लपवलंय?

मावशी : आली नाही तोच चुका काढायला लागली.

ताई : त्याचाच पगार घेते.

सुतार : घंटा झाली. मागे रांग लागलीय.

ताई : लागू दे. दोन बटाटे, तळाचे. वर तिखट रस्सा.

मावशी : घे. आणि सरक पुढे, माणसं खोळंबलीत.

ताई : आठवलं. त्या पहिल्या दिवशी माझं तोंड आलं होतं.