तांब्याचा वॉशर

(घराशेजारची पत्र्याची शेड. स्टँडवर उचललेली जुनी निळी गाडी, पुढचं उजवं चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. मोजे वेगवेगळ्या रंगांचे.)

लेक : बाबा, मी गाडी विकली.

बाबा : काय?

लेक : काही नाही. मी काही बोललेच नाही. चहा आणलाय.

बाबा : झाकण ठेव त्याच्यावर. परवा त्यात गंज पडला होता.

लेक : प्यालात की तुम्ही तो.

बाबा : म्हणून तर सांगतोय. अंगातलं लोखंड वाढलंय. पाने-पकडी आपणहून हातात येतात.

लेक : बाहेर या ना जरा.

बाबा : ब्रेकची नळी तेवढी बघून येतो. पावणेतीन लाख किलोमीटर पळालेली गाडी आहे. या वयात नळ्या बघाव्या लागतात. तुम्ही नर्सबायका दुसरं काय करता दिवसभर?

लेक : जवळपास तेच.

बाबा : फरक एवढाच, माझा पेशंट कुरकुर करत नाही.

लेक : करते की. काल तर...

बाबा : काल काय?

लेक : पंक्चर झालं ना काल. तेच.

बाबा : हं. कुठलं चाक म्हणालीस?

लेक : मागचं. डावं.

बाबा : काल घरात पाय ठेवताना उजवं म्हणाली होतीस.

लेक : मग उजवं.

बाबा : मागची दोन्ही चाकं सकाळी फिरवून बघितली मी. ठिगळ कुठेच नाही. म्हणजे एक तर पंक्चर काढणारा सिद्धपुरुष असणार, नाहीतर पंक्चर आपोआप बरं झालं.

लेक : चहा निवतोय, बाबा.

बाबा : निवू दे. त्या बॅटरीचा उजेड इकडे सरकव. हां. इथला वॉशर कुणी बदलला?

लेक : कुठला?

बाबा : गिअरबॉक्सचं तेल सोडायचा बोल्ट आहे, त्याखालचा. तांब्याचा, नवाकोरा. माझ्या डब्यात झाडून सगळे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. आणि हा बघ, इंजिनाच्या बोल्टलाही तांब्याचाच.

लेक : बाबा...

बाबा : थांब. रविवारी मी इंजिनाचं तेल बदललं. म्हणजे इंजिनाचा बोल्ट मी खोलला. गिअरबॉक्सचा कशाला खोलेन? आणि माझ्यानंतर दुसऱ्या कुणीतरी दोन्ही खोललेत. एकाच बैठकीत. दोन्ही एकदम खोलायला एकच कारण असतं.

लेक : बाहेर येऊन बोला.

बाबा : इथं बरं आहे. तू सांग. कुठं बंद पडली?

लेक : बाराव्या किलोमीटरला, पुलाच्या अलीकडे. तिसऱ्या गिअरला माणूस दात खातो तसा आवाज यायला लागला. मागून निळा धूर. मागचा ट्रकवाला म्हणाला, बाई, गाडी पेटली नाही ना? मी म्हटलं, अजून तरी नाही.

बाबा : पुढे?

लेक : समोरच गॅरेज होतं. त्याने वर उचलली, बोल्ट खोलला, खाली बादली धरली. अर्धा कप तेल आलं.

बाबा : आणि इंजिनाखाली धरली तेव्हा?

लेक : बादली भरली. वर एक तसराळं लागलं.

बाबा : म्हणजे इंजिनातलं जुनं तेल मी तसंच ठेवलं, त्यावर नवं ओतलं. आणि गिअरबॉक्स कोरडा करून तुला कामावर पाठवली.

लेक : छोटी गाडी आहे, बाबा. दोन्ही बोल्ट हातभर अंतरावर. सारखेच दिसतात.

बाबा : नाही दिसत. दोघांना पाना वेगळा लागतो. मी पाना बदलला असणार. हाताने पाना बदलला आणि डोक्याला कळवलं नाही.

लेक : होतं असं.

बाबा : तो गॅरेजवाला काय म्हणाला?

लेक : काही नाही.

बाबा : मिस्त्री आहे तो. काही नाही कसं म्हणेल?

लेक : म्हणाला, हे कुठल्या गाढवाने केलं?

बाबा : रास्त विचारलं. तू काय सांगितलंस?

लेक : म्हटलं, मीच.

बाबा : गाढव?

लेक : हो. मग दोन्हीकडे नवं तेल भरता भरता, तेल म्हणजे काय यावर त्याने अर्धा तास मला प्रवचन दिलं. बाकावर चारजण बसले होते, तेही ऐकत होते. निघताना एकाने मला पाणी दिलं आणि म्हणाला, ताई, होईल सवय.

बाबा : माझं नाव सांगायचंस. बस डेपोचा हेडमिस्त्री, तेहतीस वर्षं.

लेक : तेच तर सांगायचं नव्हतं.

बाबा : सरक, बाहेर येतो. हात नको देऊस, तेलकट होशील. दे तो चहा. मघाशी आल्या आल्या तू काय म्हणालीस?

लेक : चहा आणलाय म्हटलं.

बाबा : त्याच्या आधी.

लेक : ऐकलंत तर.

बाबा : कान शाबूत आहेत. कुणाला विकलीस?

लेक : त्याच गॅरेजवाल्याला. साडेअकराला न्यायला येतोय.

बाबा : मग सकाळपासून हे नवे ब्रेक मी कुणासाठी बसवतोय? त्याच्यासाठी?

लेक : मला सांगायला होईना. आई गेल्यापासून तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून होतात. मी ही गाडी घेतली आणि तुम्ही दाढी करायला लागलात. ब्रेकपॅडचा खोका उशाशी घेऊन झोपलात. आता कुठल्या तोंडाने सांगू?

बाबा : बरं केलंस विकलीस ते.

लेक : रागावलात?

बाबा : नाही. पुलाच्या पलीकडे उतार आहे. उतारावर बंद पडली असती तर? बरंच केलंस. तुला एक सांगतो. मी निवृत्तीच्या दोन वर्षं आधी नोकरी सोडली ती कशाने?

लेक : गुडघ्यांनी.

बाबा : गुडघे ठणठणीत आहेत. तासभर गाडीखाली होतो, बघितलंस ना. एका बसचं मागचं चाक लावत होतो. नट हाताने फिरवून बसवले आणि पाना मारायचा राहिला. चोपन्न माणसं चढली. फाटकावरच्या चौकीदाराला खडखड ऐकू आली, त्याने बस अडवली. मी धावत गेलो आणि म्हटलं, शाबास, तुझी परीक्षाच घेत होतो.

लेक : आणि लोकांना पटलं?

बाबा : टाळ्या वाजवल्या. चौकीदाराला मॅनेजरच्या हस्ते भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दुसऱ्या दिवशी मी अर्ज टाकला. कारण, गुडघे.

लेक : आईला माहीत होतं?

बाबा : तिने गुडघ्यांना तेल लावलं. रोज, झोपायच्या आधी, शेवटपर्यंत. मी लावून घेतलं.

लेक : बाबा.

बाबा : काय करणार, एकदा गुडघे म्हटल्यावर गुडघेच.

लेक : आमच्याकडे एक इंजेक्शन आहे. थेंबभर जास्त गेलं तर हृदय थांबतं. ते एकटी नर्स कधी देत नाही. एकीने भरायचं, दुसरीने बाटली हातात घेऊन नाव आणि मात्रा मोठ्याने वाचायची. मग दोघींच्या सह्या. मग सुई.

बाबा : नवख्या पोरींसाठी असेल.

लेक : मेट्रनसाठीसुद्धा. छत्तीस वर्षं झाली तिच्या नोकरीला. परवा तिच्या मागे उभी राहून मीच वाचलं.

बाबा : अपमान नाही वाटत तिला?

लेक : रोज वाटतो. म्हणते, ओरडू नकोस, बहिरी नाही मी. पण माझी सही होईपर्यंत सुई वर धरून तशीच उभी राहते.

बाबा : गाडीतलं काय कळतं तुला?

लेक : ओ की ठो नाही. पण गाडीबरोबर पुस्तक मिळालंय. त्यात चित्र आहे, बोल्टाला नंबर आहे. मला वाचता येतं.

बाबा : माझ्या हाताखाली अठरा मिस्त्री होते.

लेक : त्यातला एकही मोठ्याने वाचत नव्हता.

बाबा : हं. आणि साडेअकराचं काय?

लेक : फोन करते. सांगते, गाडी देत नाही. गाढव अजून शिकतंय.

बाबा : घाई करू नकोस. एक दिवस तू वाचशील आणि मला कळणार नाही काय वाचतेयस ते.

लेक : त्या दिवशी विकू.

बाबा : मला न विचारता.

लेक : तुम्हाला न विचारता.

बाबा : मी रडलो, भांडलो, गाडीखाली जाऊन बसलो, तरी.

लेक : तरी.

बाबा : ठीक. उघड पुस्तक.

लेक : पुढचं उजवं चाक. आतले ब्रेकपॅड?

बाबा : नवे, दोन्ही. हात घालून बघ. दोन.

लेक : दोन. चाक चढवा. चार नट. पहिला?

बाबा : झाला.

लेक : हाताने, की पाना मारलात?

बाबा : ...मारतो.

लेक : पहिला?

बाबा : मारला. आता झाला.

लेक : दुसरा?

बाबा : मारला. ओरडू नकोस.

लेक : तिसरा?

बाबा : मारला.

लेक : चौथा?

बाबा : मारला. मागे एक कोरं पान असेल बघ, सह्या तिथं. आणि खाली जागा उरली तर एक अर्जही लिहून घे.

लेक : कसला अर्ज?

बाबा : डेपोत काही हवं असलं की अर्ज द्यायचा. मी एकदा पंख्यासाठी दिला होता. पंखा आला नाही, पण अर्जावर आवक नंबर पडला. त्यानेही जरा गार वाटतं.

लेक : प्रति कोण?

बाबा : माननीय, असं लिही. पुढची जागा मोकळी ठेव. कुणाचं खातं आहे, मला माहीत नाही.

लेक : विषय?

बाबा : मुदतवाढ. लिही, अर्जदाराने तेहतीस वर्षांत एकही चूक केलेली नाही.

लेक : बाबा.

बाबा : बरं, दोन लिही. दोन चुका, दोन्ही निदर्शनास आलेल्या. आता मागणी. गाडी रस्त्यावर आहे तोवर कुठला बोल्ट कशाचा, एवढं अर्जदाराच्या ध्यानात राहू द्यावं. बाकीचं सगळं परत जमा करून घ्यायला त्याची हरकत नाही.

लेक : बाकीचं सगळं?

बाबा : का?

लेक : त्यात मीही येते.

बाबा : मग दुरुस्त कर. वाचून दाखव. मोठ्याने.

लेक : "तरी सदर वाहन सेवेत आहे तोपर्यंत, कोणता बोल्ट कशाचा आणि दुसरी सही कोणाची, एवढ्या दोन बाबी अर्जदाराच्या स्मरणात ठेवण्यास विशेष बाब म्हणून मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती."