कैरोची ट्राम आणि हंबीरचा दहावा

—न्हाई काकी, मी न्हाई येत नदीवर. कावळा शिवत न्हाई त्याला मी काय करू? मी काय कावळ्यांचा हवालदार हाय? — ऱ्हावू द्या, चिडत न्हाई मी. बसा हितं जोत्यावर, उन्हातनं चालत आलाय. सारं गाव तितं ताटकळलंय, तुमचं मालक नानासो उपाशी बसल्यात, भात वाळला, समदं ठावं हाय मला. "सयाजी, माज्या हंबीरच्या शेवटच्या घटकंला तूच जवळ हुतास, त्येचं काय मनात ऱ्हायलंय ते तूच येऊन बोल, म्हंजी कावळा शिवंल" — आसंच ना? लढाईत हंबीर गेल्याची तार आली तवा तुमी दहावा केला न्हाई. डोळ्यानं बघितलेला मानूस येईस्तवर माजं पोरगं जितं हाय, म्हनलासा. मग मी पलटनीतनं रजंवर आलो आन — व्हय, मीच सांगितलं. कैरोच्या इस्पितळात त्येचं डोस्कं माज्या मांडीवर हुतं, तोंडात पानी घातलं. सांगितलं की. कोन न्हाई म्हनतंय?

पर कैरो लय मोठं, काकी. ते न्हाई सांगितलं मी कवा. आमचा तळ ह्या टोकाला, इस्पितळ त्या टोकाला. सकाळी सांगावा आला — हंबीर बोलावतोय, लगोलग ये. सायबानं सांजपतोर सोडलं. मग काय, ट्राम धरली. ट्राम म्हंजी रुळावरनं जाती, ईजंवर, भर रस्त्यातनं — म्होरं गाढवं, उंट, सायबांच्या मोटरी, आन ही आपली घंटा बडवत मधनंच. मानसं किती म्हनाल तर पायरीवर मानसं, खिडकीला मानसं, मागं सुदीक लोंबत्यात. आन मी मदी चेचलेला. हात वर हुता तो वरच, खाली घ्यायला जागा न्हाई. नाकावरची माशी हाकलता येईना, खोटं वाटंल तुमाला. तिकिटवाला मातूर बाहेरनं पायरी-पायरीनं सरकत यायचा, पिपाणी फुंकत. हसू नका — न्हाई, तुमी कुठं हसताय.

आन इस्पितळ आलं की! दिसलं मला. फाटकावर आपलाच हिंदी शिपाई पहाऱ्याला. ट्राम थांबली. पर माज्या आन दाराच्या मदी बाया — धा-बारा, काळी वस्तरं, डोस्क्यावर पाट्या, कडंवर लेकरं. आता परक्या बायांना धक्के मारत कसं जायाचं? तुमीच सांगा. आपल्यात कुनी जातंय? हंबीर तरी गेला आसता? मी म्हनतोय, "आई, वाट द्या, बाई, वाट द्या" — मराठीत! त्यास्नी काय कळतंय? बघत ऱ्हायल्या माज्याकडं. आन गाडी हालली.

दुसऱ्या कुनी उडी मारली आसती. मी काय केलं? मी म्हनलं, आपली कडेगावची मोटर — फाटा चुकला तर मानूस बसून ऱ्हातंय, मोटर म्होरल्या गावाला जाती, डायवर च्या पितो, त्याच वाटंनं माघारी. मग उतरायचं कशाला? बसून ऱ्हावं. बसलो. जागा पन झाली तवा, चांगली खिडकीला. पूल गेला, खाली ही थोरली नदी, आपल्या चार कृष्णा मावतील. बाजार गेला, मशिदी गेल्या, सूर्य डोस्क्यावर आला — इस्पितळ काय येईना. शेवटाला एका आवारात नेऊन गाडी हुबी केली, आन डायवर डबा घिऊन घरी गेला. माघारी यायची वाटच येगळी, काकी. कुनाच्या ध्यानीमनी?

पळालो वो. बूट हातात घिऊन पळालो. ज्येला इचारावं त्यो येगळीकडंच हात करतोय. — काय? कवा पोचलो? पोचलो की. पोचलो मी. न्हाई म्हनत न्हाई. — खाटंवर नवी चादर घालत हुते.

शिव्या घाला. मांडी न्हाई, पानी न्हाई, काय न्हाई. वार्डातला मानूस म्हनला, सकाळधरनं दाराकडं बघत हुता. आन तुमी त्या दिशी माजा हात धरून इचारलं, "पानी घातलंस ना रं?" — आन माज्या तोंडातनं व्हय गेलं. तुमचं तोंड बघून गेलं. नानासोंनी मला पोटाशी धरलं, आपलं पोरगं म्हनले. आता कुठल्या तोंडानं जाऊन हुबा ऱ्हावू त्या भातापाशी? हंबीर माजीच वाट बघतोय, काकी, दुसरं काय बी न्हाई त्येच्या मनात.

जाताना "आई" म्हनला का, इचारताय? मला ठावं न्हाई. मी न्हवतो तितं.

थांबा, कुठं उठलासा? मी येतो. समद्यांम्होरं सांगतो, एकदाचं सुटू दे मला — काय? न्हाई सांगायचं? नानासोंना न्हाई सांगायचं? आवं पर — व्हय, करत्यात तसं, कावळा न्हाईच आला तर दर्भाचा करून शिववत्यात, ठावं हाय मला. कावळ्याचं भागंल. माजं काय? नानासो रोज इचारत्यात मला, काकी, रोज, भाकरीचा घास हातात धरून इचारत्यात. मग जलमभर मी तसंच — तसंच सांगायचं? त्येवढ्यावरच जगल्यात म्हनता?

डोळं पुसा आदी. तसल्या डोळ्यानं गेलासा तर वळकतील ते.

बरं. डोस्कं मांडीवर हुतं. दोनदा पानी मागितलं, दोन्ही येळंला घातलं. — व्हा तुमी म्होरं.