पेटीतली वाम

खाटकाच्या रांगेत हुहानाआजींच्या पुढे आत्या-भाच्याची जुंपली होती.

“आत्या, पाण्यातल्या पेटीत ठेवलेली मोठी वाम कुठेय?”

“सोडली, तामाती.”

“सोडली? उद्या सभाघरात पाहुणे येणार! तळ्याकाठची माणसं आपण, पानात वाम नसली तर नाक कापलं जाईल.”

“डोळे बघितलेस तिचे? केवढाले झाले होते! अंडी घालायला समुद्राकडे निघाली होती बिचारी.”

“मग तळ्याच्या तोंडाशी पाणी उपसणाऱ्या पंपात चिरडली जाईल की!”

“पिंपात घालून पंपापलीकडे सोडली.”

“पाहुण्यांना काय सांगू?”

“मटण वाढ. म्हणावं, बाळंतपणाला माहेरी गेलीय.”

“परत कधी येणार, विचारतील.”

“ती नाही येत रे. पोरं येतात.”

हुहानाआजींनी आत्याच्या खांद्याला हात लावला.

“माझ्याही पेटीत एक आहे गं. पिंप देतेस?”