घोडी कशी आहे?

[रेस क्लबचं कार्यालय. टेबलावर शर्यतीच्या शंभर वर्षांच्या इतिहासाची मुद्रितं.]

काका : ती एक ओळ तेवढी काढ, पोरी. बाकी इतिहास आहे तसा राहू दे.

पुतणी : कुठली ओळ?

काका : तुझ्या बापाची. वाच बरं परत.

पुतणी : ‘सत्तरावी शर्यत. शेवटच्या वळणावर जॉकीने घाई केली. घोडी कोसळली. जॉकीचा जागीच मृत्यू.’

काका : कुठल्या साली कप कुणाच्या बायकोच्या हस्ते दिला, तेसुद्धा लिहिलंय तुम्ही. आणि माझा धाकटा भाऊ एका ओळीत उरकला. तीही खोटी.

पुतणी : काका, मी इथली पगारी माणूस. सेक्रेटरी पुरावा मागतील.

काका : मीच पुरावा. त्या घोडीचा सईस मी होतो. रोज पहाटे तिच्या चारी पायांवरून हात फिरवायचो. त्या दिवशी पुढचा उजवा पाय तव्यासारखा तापलेला. ट्रेनरला लगेच सांगितलं.

पुतणी : मग?

काका : म्हणाला, शर्यत वर्षातून एकदाच असते, मालक पाहुणे घेऊन आलेत. पाय बर्फात ठेव. ठेवला दोन तास. डॉक्टरांनी हात लावला तेव्हा पाय गार. केली पास.

पुतणी : बाबांना माहीत होतं हे?

काका : एवढी जातिवंत घोडी, पण बोलता येत नाही ना बिचारीला.

पुतणी : तुम्हाला येत होतं. चढताना जॉकी सईसालाच विचारतो. बाबांनी विचारलं होतं?

काका : माझ्या हातावर पाय देऊनच चढला तो. म्हणाला, दादा, घोडी कशी आहे? ट्रेनर शेजारीच उभा होता गं. मी म्हटलं, ठणठणीत.

पुतणी : हा चौकशीचा कागद बघा. ‘जॉकीने घाई केली.’ ही ओळ ना मी रचली, ना क्लबानं. खाली सही कुणाची आहे?

काका : माझी.

पुतणी : आई दर वर्षी तुम्हाला विचारायची, त्यांचं काय चुकलं? तुम्ही दर वर्षी हेच सांगायचात. जरा दमानं घेतलं असतं तर माणूस घरी आला असता, म्हणायची. बाबांवरचा राग मनात घेऊनच गेली ती.

काका : तीस वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलो. आता नाही सोसवत. सगळं लिही. बर्फ लिही, माझं नाव लिही. मी सही करतो.

पुतणी : लिहिते. नाही छापलं, तर ही नोकरी त्यांनाच लखलाभ.

काका : बास. एवढं झालं की मी सुटलो.

पुतणी : तुम्ही सुटाल. आईला कुणी वाचून दाखवायचं?